मोडण्यासाठी एक प्रत

ऑफिसातल्या शबानाताई शेजारी येऊन बसल्या नसत्या, तर मी त्या लॅबला हातच लावला नसता. लॅब म्हणजे खोली नव्हे. संगणकाच्या पडद्यावर मांडलेलं लुटुपुटीचं नेटवर्क, हैदराबादच्या आमच्या ऑफिसात साहेबांनी महिनाभर खपून उभं केलेलं. मी नववीत शाळा सोडलेला, नोकरीवर अजून पक्का नव्हतो. हे बिघडलं की गावी परत, एवढंच डोक्यात.

"घाबरतोस कशाला रे? दुसरी करून घेऊ की," म्हणत ताईंनी सांगेल ते काम संगणकावर करून देणाऱ्या एआय एजंटला लिहिलं, ‘ही लॅब जशीच्या तशी आणखी एक करून दे. मूळ लॅबला धक्का लावू नकोस.’ चहा संपेपर्यंत शेजारी दुसरं नेटवर्क उभं. तीच यंत्रं, त्याच तारा.

"हं, आता मोड हवं तेवढं."

मी आज्ञेची एक ओळ चुकीची लिहिली आणि प्रतीतल्या सगळ्या तारा लाल झाल्या. मी घाईने शेजारी पाहिलं. मूळ लॅब मात्र हिरवीगार.

"बघ, तिकडे पत्ताही नाही," ताई हसल्या.

आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होतं, म्हणून ते कायम कुलपात. मी ते कपाटाच्या काचेबाहेरूनच पाहिलं. एखादी वस्तू बिघडवायची मुभा मिळणं ही केवढी श्रीमंती असते, हे मला त्या दुपारी कळलं. प्रत मी पुन्हा पुन्हा मोडली, आणि संध्याकाळी स्वतःच्या हातांनी सगळ्या तारा हिरव्या केल्या.

ताई, कधीतरी तुम्हीही काही नवं शिकायला घाबराल. त्या दिवशी मी तुमच्या शेजारी येऊन बसेन, आणि उठायची घाई करणार नाही.