माणिकअण्णा मेत्रे आणि टेपवर उतरलेला सूर

माणिकअण्णा मेत्रे यांची आणि माझी ओळख एका तक्रारीतून झाली, आणि ती तक्रार माझ्याविरुद्ध होती. मी तेव्हा बीदरच्या एका शाळेत शिक्षिका होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नसमारंभांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे. कॅसेटचे ते दिवस. आमच्या मालकांनी स्वतःच्या गाण्यांची कॅसेट काढायचे ठरवले आणि आम्हा सगळ्यांना अण्णांच्या घरी नेले. मागच्या खोलीत भिंतींना काळी घोंगडी ठोकलेली होती. मध्ये एक मायक्रोफोन होता आणि टेबलावर हैदराबादेहून आणलेले जुने, चार ट्रॅकचे रेकॉर्डिंग यंत्र.

पहिले गाणे ऐकून पाहिले, तर गिटारीमागे सारखी घरघर. मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईचा हात साफ न्हाई. गिटार काढून टाकू."

अण्णांनी यंत्र थांबवले. ते माझ्याजवळ आले. "बाई, खुर्ची जरा खिडकीकडं फिरवून बसा बघू." मी वळले आणि घरघर निम्मी झाली. मग त्यांनी ट्यूबलाइट बंद केली, तेव्हा ती जवळजवळ गेलीच.

"हात साफ हाय," अण्णा मालकांना म्हणाले. "घरघर ट्यूबच्या चोकची हाय. गिटारीतलं पिकअप ती पकडायलंय."

मालकांना तो दिशेचा काही शुभअशुभ प्रकार वाटला असावा, कारण पुढे कित्येक महिने ते प्रत्येक नव्या वादकाला खिडकीकडे तोंड करून बसवत. मी मात्र त्या दिवशी ऑर्केस्ट्रात टिकले आणि अण्णांची विद्यार्थिनी झाले.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांनी गिटार दुरूनच पाहिली असेल, म्हणून थोडे सांगते. तारांच्या खाली चुंबक असते आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. ते पिकअप. वाजवणाऱ्याच्या बोटांचे पहिले ऐकणारे तेच असते, आणि त्याने जसे ऐकले तसेच टेपवर उतरते.

अण्णा या विषयाकडे संगीतातून आले नाहीत. त्यांचे घराणे हुलसूरजवळचे. आजोबांपर्यंत मेंढरे होती, वडिलांच्या वेळी शेती आली. अण्णा बीदरला येऊन मोटर वायंडिंग शिकले आणि बीदरजवळच्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात लागले. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार काढून नवी भरायची, हे त्यांचे रोजचे काम. एकदा एका मित्राची मुकी झालेली गिटार त्यांनी सहज उघडून पाहिली. "आत बघतो तर आपलीच मोटर," ते सांगतात, "फक्त फिरत न्हाई." ती त्यांनी दुरुस्त केली. पुढे स्वतः पिकअप भरू लागले, आणि भरलेले पिकअप टेपवर कसे ऐकू येते हे कळावे म्हणून घरात रेकॉर्डिंगची खोली केली.

त्यांची शिकवण्याची रीत वेगळी होती. एकच धून ते माझ्याकडून तीन-चार वेगवेगळ्या पिकअपांवर वाजवून घेत आणि एका टेपवर पाठोपाठ भरत. नंतर मला भिंतीकडे तोंड करून बसवत आणि विचारत, कुठले कुठले ते ओळखा. पहिल्या महिन्यात मी सपशेल चुकत होते. हळूहळू कान उघडला. एकेरी वेटोळ्याचे पिकअप स्वच्छ वाजते, प्रत्येक तार सुटी ऐकू येते, पण घरघरही तेच पकडते. दोन वेटोळी उलटसुलट भरून केलेले दुहेरी पिकअप घरघर गिळून टाकते, मात्र सूर जाड होतो. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ बसवले तर आवाज टणक निघतो. मानेकडे सरकवले तर गोल. वेढे वाढवले की जोर वाढतो आणि सुराचे वरचे टोक बोथट होते.

"खोलीत कानाला जे गोड लागतं, ते टेपवर गोड लागंलच असं न्हाई," ते म्हणत. "टेपवर शेजारी कोण हाय ते बघायचं. गिटार एकटी राहात न्हाई तिथं."

या वाक्याचा अर्थ मला लिंबाजीअप्पांच्या दिवशी कळला. लिंबाजीअप्पा हे अण्णांच्या गावाकडचे वृद्ध गायक. धनगरी ओव्या गावोगाव गात आलेला, खाली घुमणारा, खरखरीत गळा. त्यांच्या घशात गाठ निघाली. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया ठरवली आणि नंतर आवाज राहील याची खात्री देता येत नाही, असे स्पष्ट सांगितले. ते कळताच अण्णांनी स्वतः गावी जाऊन अप्पांना रेकॉर्डिंगसाठी बोलावले. अप्पांना ढोलावर साथ करणारा जोडीदार पोट भरायला पुण्याला गेला होता. ढोलाशिवाय ते गाईनात. मग अण्णांनी मला खालच्या तारेवर नुसता ठेका धरायला सांगितला. थोडे ऐकून अप्पा म्हणाले, "ही बाई वाजवायली तर गातो."

शस्त्रक्रियेला चार दिवस राहिले होते. त्या सकाळी मुलगा मारुती अप्पांना घेऊन आला होता. घसा दुखत होता, तरी अप्पांनी एक ओवी पुरती गायली. आम्ही टेप लावून ऐकली. अप्पांचा खालचा आवाज आणि माझ्या गिटारीचा खालचा सूर एकमेकांत मिसळून चिखल झाला होता. अण्णांनी गिटार कमी केली तर ती पार नाहीशी होई. वाढवली की अप्पा बुडत.

अप्पा शांतपणे म्हणाले, "गाणं हाय. पण मी न्हाई ह्यात."

मारुती उठला. "अण्णा, बापाचा घसा दुखायलाय. आम्ही निघतो आता."

"चूक माझी हाय," अण्णा म्हणाले. "घरघर जावी म्हणून गिटारीत दुहेरी पिकअप मीच बसवलं. अप्पांच्या गळ्याजवळ ते जाड पडायलंय. मला एक तास द्या. पिकअप बदलून बघतो."

मारुती अप्पांना शेजाऱ्याच्या पिकअप गाडीतून घेऊन आला होता. तो गोंधळून म्हणाला, "गाडी कामून बदलायची? चांगली चालायलीय की." त्या अवघड क्षणी अप्पाच आधी हसले, आणि त्या हसण्यानेच ते थांबले असे मला आजही वाटते.

मी सुचवले की जुने एकेरी पिकअप पुन्हा घालू. अण्णांनी मान हलवली. शेजारची पिठाची गिरणी चालू होती आणि अप्पांच्या ओवीत लांब लांब विसावे असतात. त्या प्रत्येक विसाव्यात गिरणीच्या मोटरीची, एकेरी पिकअपने पकडलेली घरघर एकटी उभी राहिली असती. ते गिटार उलटी करून बसले. मागचे झाकण काढून जोडणी पाहिली आणि म्हणाले, "बाई, सोल्डरिंग आयर्न तापवा." दुहेरी पिकअपातली दोन वेटोळी एकामागे एक जोडलेली होती. अण्णांनी ती जोडणी सोडली आणि दोन्ही वेटोळी शेजारी शेजारी, समांतर जोडली. मोटरीच्या कामात ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा केली असेल. वेटोळी उलटसुलट असल्यामुळे घरघर अजूनही गिळली जाणार होती, पण जाडपणा उतरणार होता. जोर कमी पडेल तो यंत्रावर वाढवून घेऊ, असे ते म्हणाले. तोवर आतून सुशीलाक्कांनी, म्हणजे अण्णांच्या पत्नीने, अप्पांसाठी कोमट आंबील आणली. ती त्यांनी घोट घोट घेतली.

तार वाजवली तेव्हा खोलीत ती मला अगदी बारीक, गरीब वाटली. मी तसे म्हणाले. अण्णा म्हणाले, "खोलीत ऐकू नका. वाजवा."

अप्पांनी कानावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली. ते थांबले नाहीत. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा जवळ असलेल्या सगळ्या ओव्या त्यांनी एका बैठकीत गायल्या. माझी बोटे दुखत होती, पण थांबायचा विचारही आला नाही. टेप लावली तेव्हा गिटार अप्पांच्या गळ्याच्या वर, पातळ आणि स्वच्छ, वेगळी उभी होती. खालची सगळी जागा अप्पांची होती. विसाव्यांत त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"व्हय," अप्पा म्हणाले. "आता मी बी हाय, ती बी हाय."

शस्त्रक्रिया नीट झाली. अप्पा पुढे अनेक वर्षे जगले, पण आवाज कुजबुजीपुरताच राहिला. ती कॅसेट हुलसूरहून पुणे, हैदराबाद, जिथे जिथे आमची माणसे कामाला गेली तिथे गेली. आम्ही एकदा त्यांना भेटायला गेलो, तेव्हा नातवंडांना समोर बसवून ते कॅसेट ऐकवत होते आणि मधल्या विसाव्यांत कुजबुजत अर्थ सांगत होते. मला रडू आवरले नाही. परतताना अण्णा म्हणाले, "शेवटच्या ओवीला पिकअप थोडं खाली घ्यायला पाहिजे होतं. चुंबक तार ओढायलंय." मला ते कधीच जाणवले नव्हते. घरी येऊन ऐकले, तर शेवटच्या ओवीत गिटारीचा सूर खरेच किंचित डळमळत होता.

अण्णांचा हा खरेपणा रेकॉर्डिंगपुरता नाही. नंतरच्या काळात परदेशी पिकअप मिळू लागले. कलबुर्गीचा एक तरुण वादक असेच एक घेऊन आला, पण त्याला अण्णांच्या हातचेच हवे होते. अण्णांनी दोन्हींवर त्याची धून भरली आणि नाव न सांगता ऐकवली. त्याने परदेशी निवडले आणि कळल्यावर ओशाळला. अण्णांनी स्वतःच्या हाताने ते त्याच्या गिटारीत बसवून दिले. "कान तुमचा, गाणं तुमचं. माझी तार कामून घालायची?"

हैदराबादच्या स्टुडिओंतून त्यांना बोलावणी आली. ते जाऊन काम करून देत आणि रात्रीच्या आत बीदरला परत येत. हट्टीपणा त्यांच्यात आहे, आणि तो मी अनेकदा सोसला आहे. माझे चांगले वाजलेले तुकडे त्यांनी एका सैल तारेपायी पुसले आहेत. त्यातला एकही पुसायला नको होता, असे आज म्हणवत नाही.

कारखान्यातल्या यंत्रांनी त्यांच्या डाव्या कानाचे वरचे सूर नेले. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावले, नवे पिकअप वाजवायला दिले, टेप लावली आणि म्हणाले, "वरचं मला कमी ऐकू यायलंय. तुम्ही ऐका आणि खरं सांगा." मी ऐकले आणि सांगितले की वरचे टोक जरा टोचते आहे. त्यांनी क्षणभरही वाद घातला नाही. पिकअप काढले आणि वेढे वाढवायला घेतले.

अण्णांची साठी पूर्ण होत आहे. त्यांचे हात असेच स्थिर राहोत, उजवा कान साथ देवो, सुशीलाक्कांसह त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. खरे सांगायला आम्ही आहोतच. त्यांनी विचारत राहावे, एवढीच आम्हा शिष्यांची इच्छा.