फळ्यावरचा डावा हात

आमच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे शाळेत विजेवर चालणारं काहीही बिघडलं की मला बोलावतात. एकदा तर पाण्याच्या मोटारीसाठीही बोलावलं होतं. कन्नड मुलखातल्या जयनगरमधली ही जुनी शाळा. मी इथेच शिकले आणि नंतर इथेच नोकरीला लागले. वर्गांमध्ये डिजिटल बोर्ड बसवायचं ठरलं, तेव्हा शिक्षकांना ते कोण शिकवणार हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी विचारलाच नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मला ते काम आवडलं असतं, पण संस्थेच्या सेक्रेटरींनी त्याला एक शेपूट जोडलं. दहावीच्या वर्गांतले हिरवे फळे काढून तिथे फक्त डिजिटल बोर्ड राहणार होते. मार्चमध्ये प्रत्येकाने सेक्रेटरींसमोर बोर्डवर एक पूर्ण तास घेऊन दाखवायचा. ज्याला जमेल त्याला जूनपासून दहावी, बाकीच्यांना खालचे वर्ग. सेक्रेटरींनी हे हसत हसत सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही.

मी पहिल्यांदा पाहिलं ते गणिताच्या अक्कांकडे. त्यांना सगळी शाळा अक्काच म्हणते. त्या बेळगावकडच्या, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही. आमचं घराणं इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेलं, त्यामुळे आमची मराठी पुण्याच्या माणसाला अर्धीच कळते. अक्कांना मात्र पूर्ण कळते. मला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं. अजूनही त्या मला ‘मरी’ म्हणतात. कन्नडमध्ये ते पिल्लाला म्हणतात, पण आमच्याकडे आलेले मराठी पाहुणे ते ऐकून दचकतात. अक्कांनी लग्न केलं नाही. भावाच्या कुटुंबाबरोबर राहतात आणि दहावीला गणित शिकवतात. त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं तरी सगळं सांगून होतं. दहावी गेली तर अक्कांचं काय उरेल, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

ट्रेनिंग दर शनिवारी शाळा सुटल्यावर. पहिले काही शनिवार कंपनीचा मुलगा आला. तो मूळचा पुण्याचा, ऑफिस बेळ्ळंदूरला. तिथून जयनगरला यायला त्याला इतका वेळ लागायचा की तो पोचेपर्यंत निम्म्या बायकांचे पेपर तपासून व्हायचे. मग तो स्लाइड दाखवायचा. आमच्याकडे कसल्याही सभेत वयाप्रमाणे बसतात, म्हणजे ज्यांना कमीत कमी कळतंय ते सगळ्यात पुढे. पुढची रांग प्रत्येक वाक्याला कन्नडमध्ये ‘सरी, सरी’, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणून मान डोलवायची. मागच्या रांगेतल्या तरुण मुलींना सगळं येत होतं, पण वडीलधाऱ्यांच्या देखत चुका कोण दाखवणार, म्हणून त्या गप्प. तास संपला की मुलगा विचारायचा, ‘एनी डाउट्स?’ कुणालाच नसायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

मी स्वभावाने तापट आहे. चौथ्या शनिवारी मी त्या मुलाला म्हटलं, ‘तू आता येऊ नकोस, फोन लावीन तेव्हा उचल.’ त्याला इतका आनंद झाला की तो लपवता येईना. मग मी स्लाइड बंद केल्या, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि सांगितलं की आजपासून मी काही शिकवणार नाही. एकेकीने बोर्डापाशी यायचं आणि सोमवारी वर्गात जे शिकवणार आहे तेच इथे लिहायचं. चुकलं तर चुकलं.

तेव्हा खरी गंमत सुरू झाली. तरुण मुली लिहायच्या ते दिसायचं. मोठ्या बायका लिहायच्या ते पुसलं जायचं. भूगोलाच्या बाईंनी नदी काढायला घेतली तर अर्धी उगवली आणि अर्धी आटली. कन्नडच्या बाईंची ओळ पुढे सरकायची तशी मागून गायब व्हायची. त्यावर स्टाफरूममध्ये उपाय निघाले. कुणी हात धुऊन आलं, कुणी बांगड्या काढून ठेवल्या, एकीने तळव्याला खोबरेल तेल चोळलं, मग बोर्ड पुसायला मलाच अर्धा तास लागला. ‘याला आमचा हात आवडत नाही गं,’ असं ठरलं. मी मनात म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.

अक्का दोन शनिवार आल्या. दोन्ही वेळा त्यांनी प्रमेयाची आकृती काढायला घेतली, दोन्ही वेळा ती निम्म्यात पुसली गेली. त्या पेन जागेवर ठेवून मागे जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी येणं बंद केलं. एकदा पेपर होते, एकदा भाचीला बघायला येणार होते, एकदा नुसतंच ‘स्वल्प काम आहे’.

मला राग आला. इतकी वर्षं आम्हाला ‘पुन्हा कर, येईपर्यंत कर’ म्हणणारी बाई स्वतः पळ काढते म्हणजे काय? शाळा सुटल्यावर मी त्यांच्या वर्गात गेले. त्या एकट्याच बसल्या होत्या. मी जरा चढ्या आवाजातच सुरुवात केली. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, ‘मरी, दार लाव.’

मी दार लावलं.

‘माझ्या आईचा हात असाच गेला,’ त्या म्हणाल्या. ‘आधी तिची रांगोळी बिघडली. मग कप धरवेना. माझाही हात गेला बघ. रेघ टिकत नाही. हिरव्या फळ्यावर कळत नव्हतं, ह्या काचेवर उघडं पडलं. सेक्रेटरींसमोर शोभा होण्यापेक्षा मीच सांगते, दहावी नको म्हणून.’

‘अक्का, पुसलं तर सगळ्यांचंच जातंय.’

‘ज्यांचं पुसतंय त्या सगळ्या साठीच्या घरात आल्यात, होय की नाही?’

खरंच, पुसलं जात होतं ते फक्त मोठ्यांचंच. मी कसाबसा एका आठवड्याचा वेळ मागून घेतला. त्या ‘सरी’ म्हणाल्या, पण मला बरं वाटावं म्हणून.

त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचेना. शेवटी मी मोकळ्या तासाला आठवीच्या वर्गात मागे जाऊन बसले. तिथे अजून हिरवा फळा होता आणि अक्का शिकवत होत्या. मी मुलांकडे पाहिलं नाही, गणिताकडे पाहिलं नाही, फक्त अक्कांच्या हातांकडे पाहत राहिले. उजवा हात लिहीत होता. डावा हात, सगळी बोटं पसरून, ओळीच्या खाली फळ्यावर टेकलेला होता. ओळ पुढे गेली की तोही पुढे सरकायचा. पुढच्या तासाला मी भूगोलाच्या बाईंच्या वर्गाबाहेर उभी राहिले. तसाच डावा हात. कन्नडच्या बाईंचाही तसाच.

खडूने लिहिणाऱ्याला ही सवय लागतेच. फळा उंच असतो, खडू दाबून धरावा लागतो, तास लांब असतो, मग माणूस फळ्यावरच अंग टेकतो. मी जन्मभर कीबोर्डवर शिकवलं, मला कुठून माहीत असणार? आणि मागच्या रांगेतल्या मुली शिकल्या तेव्हा खडू जायला आला होता.

मी धावत दहावीच्या वर्गात गेले, बोर्ड चालू केला, एक ओळ लिहिली आणि तिच्यावर डावा तळवा ठेवून सरकवला. ओळ साफ पुसली गेली. मी त्या मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, ‘हो मॅम, ते फीचर आहे. पाम ठेवला की डस्टर. टीचर्सची सोय म्हणून दिलंय.’ त्या सोयीबद्दल मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी त्याने सांगितलं की ते सेटिंगमध्ये जाऊन बंदही करता येतं.

अंगण खरंच वाकडं होतं. शनिवारी मी सगळ्यांना हे सांगितलं तेव्हा अशी हसाहस झाली की शिपाईसुद्धा बघायला आला. तेल लावणाऱ्या बाईंनी तर पदर तोंडाला लावला. बंद करायची सोय आहे हेही मी सांगितलं, पण आता कुणाला ते नको होतं. ‘बंद कशाला? हाताने पुसता येतं ते बरंच की, डस्टर शोधायला नको,’ कन्नडच्या बाई म्हणाल्या. मग त्यांनीच कवायत काढली. डावा हात पाठीवर, उजव्याने लिहा. पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींचे डावे हात धरून ठेवायला लागल्या, आणि मागच्या रांगेतल्या मुली पहिल्यांदाच तोंड उघडून ‘अक्का, कोपर खाली घ्या’ म्हणायला लागल्या. त्या दिवशी मी काही शिकवलं नाही आणि सगळ्या सगळं शिकल्या. मला घरी जावंसं वाटेना.

अक्कांना मी हाताला धरून आणलं होतं. त्यांचा चेहरा हलका झाला होता. त्या बोर्डापाशी गेल्या, डावा हात पाठीवर ठेवला आणि वर्तुळ काढलं. ते पुसलं गेलं नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. वर्तुळाची कड बारीक बारीक कापली गेली होती. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच होती. टेकू काढल्यावर हात थरथरत होता. अक्का त्या वर्तुळाकडे पाहत क्षणभर उभ्या राहिल्या, मग तळव्याने ते पुसून टाकलं आणि हसून म्हणाल्या, ‘खरंच की, पुसतं.’

सोमवारी सकाळी लवकर जाऊन मी दहावीच्या बोर्डचं ते सेटिंग बंद केलं. कुणाला सांगितलं नाही, अक्कांनाही नाही.

मार्चमध्ये नववीची मुलं दहावीच्या वर्गात बसवली आणि सेक्रेटरी पहिल्या बाकावर बसले. अक्कांनी डावा हात पाठीवर ठेवून सुरुवात केली. पहिली ओळ थरथरली. दुसऱ्या ओळीला मुलांपैकी कुणीतरी चुकीचं उत्तर दिलं, अक्कांना त्याची चूक समजावायची घाई झाली, आणि त्या नादात डावा हात आपोआप बोर्डवर जाऊन टेकला. काहीही पुसलं गेलं नाही. त्या थांबल्या. हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पुढे शिकवायला लागल्या. तो तास मी कधी विसरणार नाही. सेक्रेटरींनी स्वतः एक गणित सोडवलं, तेही चूक, आणि अक्कांनी त्यांना मुलांसारखंच पुन्हा करायला लावलं. दहावी अक्कांकडेच राहिली.

बाहेर पडताना त्यांनी मला गाठलं. ‘तू ते बंद केलंस.’

‘हो.’

‘म्हणजे तुला दिसलं.’

‘दिसलं.’

‘सरी,’ म्हणाल्या आणि स्टाफरूमकडे गेल्या.

सुट्टीत त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. आईला होतं तेच निघालं. नुकतीच सुरुवात आहे, गोळ्या घेऊन बराच काळ काम करता येईल, असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मला फोनवर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. मी म्हटलं, ‘शाळेत कुणाला सांगू नका, अक्का. सेटिंग बंदच राहील. कुणाला कळायचं कारण नाही.’ त्यांनी फोन ठेवला.

जूनमध्ये दहावीच्या पहिल्या तासाला त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, बोर्ड चालत नसेल. बोर्ड व्यवस्थित चालत होता. ‘मागे बस,’ एवढंच म्हणाल्या. मग वर्गाकडे वळल्या.

‘मला एक आजार झालाय,’ त्यांनी त्यांच्या नेहमीच्या इंग्रजी-कन्नडमध्ये सांगितलं. ‘हात थरथरतो. पुढे जास्त थरथरेल. डोकं ठीक आहे. आकृती नीट दिसली नाही तर गप्प बसू नका, सांगा. मी पुन्हा काढीन.’

हे संध्याकाळपर्यंत घरोघर पोचणार आणि उद्या सेक्रेटरींच्या कानावर जाणार, हे मला माहीत होतं आणि अक्कांनाही माहीत होतं. तसं ते गेलंही. त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं. आत काय बोलणं झालं ते अक्कांनी सांगितलं नाही, पण दहावी आजही त्यांच्याकडे आहे. त्या सकाळी मात्र त्यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. मी पाच महिने जे झाकायला धडपडले ते ह्या बाईने आपल्या हाताने सगळ्यांपुढे मांडलं होतं.

मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘सरी, मिस. पहिला धडा कुठला?’

अक्कांनी डावा हात बोर्डवर टेकला आणि लिहायला लागल्या. मला रडू आवरेना. मी तोंड ओढणीत लपवलं, पण रिकाम्या बाकावर हुंदका लपत नाही.

अक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. लिहिता लिहिताच, मुलांना कळू नये म्हणून मराठीत म्हणाल्या, ‘मरी, रडायचं असेल तर बाहेर जाऊन रड. वर्ग चालू आहे.’