सहा कॉलेजांची लीग

आमच्या लीगचं नाव कुणी ऐकलेलं नाही. ज्या सहा गावांत ती खेळली जाते त्या गावांतल्या लोकांनीही नाही. बव्हेरियाच्या पूर्वेकडची सहा छोटी होखशूलं, म्हणजे आपल्याकडची कॉलेजंच. त्यांचे बायकांचे सहा व्हॉलीबॉल संघ. आणि हिवाळाभर दर दोन-तीन आठवड्यांनी शनिवारी कुठल्या तरी एका गावातला हॉल. प्रेक्षक म्हणजे कुणाचा तरी मित्र, कुणाचं तरी बाळ आणि हॉलच्या किल्ल्या सांभाळणारे एक काका. रेगेन्सबर्गच्या मोठ्या विद्यापीठातल्या मुली आमच्याशी खेळत नसत. त्यांची लीग वेगळी, त्यांचे बूटही वेगळे.

मला ते शनिवार आठवतात ते धुक्यासकट. सकाळची दोन डब्यांची गाडी, खिडकीला टेकवलेलं डोकं, बाहेर पांढरं काहीतरी आणि त्यात मधूनच एखादं चर्चचं टोक. नदी कुठे संपली आणि आभाळ कुठे लागलं ते कळायचं नाही. शेजारी संघातल्या मुली एकमेकींच्या खांद्यावर झोपलेल्या. मी जागी असे, पण जागी म्हणण्यात फारसा अर्थ नाही. माझी तंद्री लागते. लहानपणापासून लागते. पुण्यात मी याच तंद्रीत दोनदा भलत्याच बसमध्ये बसून कात्रजला पोचले होते.

कॉलेजांची नावं लांबलचक होती, ती मी पाठ केलीच नाहीत. यजमान संघाने सगळ्यांसाठी खायला करायचं अशी रीत होती, म्हणून मी कॉलेजं केकवरून ओळखायची. जंगलाच्या कडेचं कॉलेज म्हणजे खसखशीचा केक. नदीकाठचं म्हणजे सफरचंदाचा, वर दालचिनी. शेतकी कॉलेजच्या मुली केकच्या भानगडीत पडत नसत, त्या टोपलीभर ब्रेझेल, म्हणजे पीळ घातलेले खारे पाव, आणि चीज ठेवून मोकळ्या होत. आणखी दोन कॉलेजांचे केक कोरडे असत, त्यामुळे ती कॉलेजं माझ्या लक्षात राहिली नाहीत. आणि आमचं कॉलेज सगळ्यात लहान: चार इमारती, एक कॅन्टीन, बसथांबा. तिथे मी संशोधन करत होते. लीगमध्ये विद्यार्थ्यांबरोबर नोकरीवरची माणसंही चालत, म्हणून मी त्या संघात. उंची पाच फूट एक इंच. व्हॉलीबॉल खेळायला हिला कुणी घेतलं, असं कुणीही विचारावं. तर संघात सातच जणी होत्या, आणि पदरी पडलं पवित्र झालं.

पण मला तो संघ फार प्रिय होता, हे सरळच सांगून टाकते. दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास आम्हाला कॉलेजचा हॉल मिळे. नवरा सकाळच्या गाडीने रेगेन्सबर्गला कारखान्यात जाई तो अंधार पडल्यावर परते. मी दिवसभर मायक्रोस्कोपसमोर. गाव सभ्य होतं, सगळे नमस्कार करत आणि पुढे जात. माझ्यावर हक्काने ओरडणारी माणसं त्या गावात फक्त गुरुवारी भेटत. "झोपलीस का?" असं आमची कॅप्टन जाळीच्या पलीकडून किंचाळायची, आणि मला घरी आल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी जानेवारीत सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, मी काय घरात बसून बर्फ मोजू का? आणि गुडघ्यापर्यंतचा कोट, पायांत माझे जाड मोजे, हातात स्टीलचा डबा अशा त्या आमच्याबरोबर गाडीत चढल्या. डब्यात शंकरपाळे होते. ते खसखशीच्या केकशेजारी ठेवले आणि पंधरा मिनिटांत संपले. किल्लीवाल्या काकांशी त्यांचं चांगलं जमलं. ते तिकडच्या बायरिश बोलीत बोलत, या मराठीत, आणि दोघंही मधूनमधून "जा, जा" म्हणत, म्हणजे जर्मनमधलं हो, हो. मी भाषांतर करायला गेले तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं.

खेळ त्यांना दुसऱ्या शनिवारी समजला. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्ह तुमच्याकडे परत आली की सगळ्यांनी एकेक जागा पुढे सरकायचं आणि क्रमाने जिचा नंबर असेल तिनेच सर्व्ह करायची. क्रम चुकला की पॉइंट समोरच्या संघाला. माझी यात कायम गडबड होई. सासूबाईंची एकदाही झाली नाही. बाकावर बसून बोटांवर मोजत त्या दोन्ही संघांचे नंबर सांगत. घरी माझ्या नवऱ्याला म्हणत, हिची तंद्री लागली की घरात भात करपतो आणि हॉलमध्ये सर्व्ह चुकते.

या लीगची आणखी एक रीत होती. एका शनिवारी एका हॉलमध्ये तीन संघ जमत. दोन खेळत आणि तिसरा पंचगिरी करी. उंच खुर्चीवर पंच, खाली दुसरी, आणि टेबलाशी पॉइंट आणि क्रम लिहिणारी, सगळ्या त्या तिसऱ्या संघातल्या. समोरच्या सामन्यावर त्या तिसऱ्या संघाचं स्वतःचं नशीब अडकलेलं असलं तरी. मी कॅप्टनला म्हटलं होतं, आमच्याकडे असं कुणी करू देणार नाही, डोकी फुटतील. तिला माझं म्हणणंच कळलं नाही. मग कोण करणार, ती म्हणाली, इथे दुसरं आहे कोण?

मोसमाच्या शेवटी नेमकं तेच झालं. शेवटच्या नंबरचा संघ लीगबाहेर जाणार होता. एक सातवं कॉलेज आत यायला कधीचं दारात उभं होतं. आणि जो संघ लीगमध्ये नाही त्याला हॉल द्यायचा नाही, असं आमच्या कॉलेजने आधीच कळवलं होतं. गुरुवारचे ते दोन तास योगवर्गाला जाणार होते. तळाशी आम्ही आणि नदीकाठचं कॉलेज. शेवटचा शनिवार जंगलाच्या कडेच्या कॉलेजात. सकाळी आम्ही यजमानांकडून हरलो. आता शेवटचा सामना यजमान आणि नदीकाठच्या मुलींचा. नदीकाठच्या हरल्या तर आम्ही राहणार. जिंकल्या तर आम्ही बाहेर. आणि पंचगिरी आमच्याकडे. कॅप्टन उंच खुर्चीवर, मी टेबलाशी. माझ्यापुढे कागद, पेन्सिल आणि क्रम चुकला तर वाजवायची एक छोटी घंटी. सासूबाई बरोबर माझ्या मागच्या बाकावर.

दोन दोन सेट झाले. पाचवा सेट पंधरा पॉइंटांचा. दुपार उतरत होती आणि वरच्या काचांमधून पिवळट उजेड जमिनीवरच्या रंगीत रेघांवर पडला होता. चेंडू वर जायचा तेव्हा तो उजेडात शिरून नाहीसा व्हायचा आणि बऱ्याच वेळाने खाली यायचा. मी लिहीत होते, पण मनात दुसरंच चाललं होतं. गुरुवारचा हॉल, त्यातला रबराचा वास, माझ्यावर ओरडणारी कॅप्टन. तेरा-तेरा. मग यजमानांनी पॉइंट घेतला, चौदा-तेरा, आणि सर्व्ह त्यांच्याकडे आली. आता एक पॉइंट, की आम्ही राहिलो.

नदीकाठच्या मुलींनी टाइम-आउट घेतला. परत आल्या तेव्हा यजमानांच्या मुली उत्साहात एकमेकींच्या हातांवर टाळ्या देत होत्या, आणि त्या गडबडीत जागा सरकायचं विसरल्या. चेंडू घेतला तो त्यांच्या सर्वांत उंच मुलीने. तिची सर्व्ह मघाशीच होऊन गेली होती. नंबर होता तिच्या शेजारच्या चष्मेवालीचा.

मला ते दिसलं.

कॅप्टनने शिट्टी दिली. उंच मुलीने चेंडू मारला. माझा हात घंटीवर होता. मी तो तिथेच ठेवला. बाकी सगळं फार हळू झालं. चेंडू इकडून तिकडे गेला, परत आला, कुणीतरी जमिनीवर घसरली, बुटांचे चीं-चीं आवाज कुठून तरी दुरून येत होते, आणि मी बघत होते. चेंडू नदीकाठच्या मुलींच्या बाजूला पडला. पंधरा-तेरा. यजमान उड्या मारायला लागल्या. आमच्या मुली बाकावरून उठल्या. माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला काडीचीही लाज वाटली नाही.

तेवढ्यात मागून सासूबाई वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगं, तिचा नंबर नव्हता. चष्मेवालीचा होता. लिही नीट."

हॉलमध्ये मराठी कळणारं दुसरं कुणीही नव्हतं. मी हूं म्हणून बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण आता ते माझ्या एकटीपुरतं राहिलं नव्हतं. मी घंटी वाजवली.

कॅप्टन खुर्चीवरून माझ्याकडे बघत राहिली. मी कागद उचलून दाखवला, बोट ठेवून. तिने खाली वाकून तो वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग सरळ बसून पॉइंट नदीकाठच्या मुलींना दिला. चौदा-चौदा. पुढचे दोन पॉइंट नदीकाठच्यांनी घेतले, आणि मी ते माझ्या हाताने लिहिले. सोळा-चौदा.

त्यानंतर जे झालं ते मला अजून नकोसं वाटतं. नदीकाठच्या मुली एकेक करून टेबलाशी आल्या आणि त्यांनी मला मिठ्या मारल्या. एक तर रडतच होती. यजमानांनी उरलेला खसखशीचा केक फॉइलमध्ये बांधून माझ्या हातात दिला, जिंकता जिंकता माझ्यामुळे हरल्या होत्या तरी. आमची कॅप्टन खुर्चीवरून उतरली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "पास्ट" एवढंच म्हणाली. ठीक आहे, असं. त्या भागात यापेक्षा मोठं कौतुक मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. मग ती बॅग भरायला गेली. बराच वेळ तिची पाठ आमच्याकडे होती.

परतीच्या गाडीत मुली लांब जाऊन बसल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं. सासूबाई फोनवर माझ्या नवऱ्याला सगळं सांगत होत्या. आपली टीम गेली रे, पण पोरीने घंटी वाजवली. मी नुसतं सुचवलं, पुढे तिने एक क्षण विचार केला नाही. अशी माणसं राहिलीत कुठे आता. त्यांचा आवाज मोठा आहे, आणि गाडी रिकामी होती. मी फॉइलवर बोट फिरवत बसले होते. मला ते सहन होईना.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अहो आई, मला आधीच दिसलं होतं."

"काय?"

"तिचा नंबर नाही ते. तिने चेंडू हातात घेतला तेव्हाच. मी मुद्दाम वाजवली नाही. आपण राहिलो असतो म्हणून."

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेली बाई, आता काहीतरी लागेल असं बोलतील म्हणून मी मान खाली घातली. गाडी एका छोट्या स्टेशनात थांबली, दारं उघडली, कुणी चढलं नाही, दारं मिटली. गाडी हलल्यावर त्यांनी माझ्या मांडीवरचं फॉइल काढून घेतलं आणि शेजारच्या सीटवर ठेवलं.

"मला वाटलं, तुझी नेहमीसारखी तंद्री लागली आहे," त्या म्हणाल्या. "तुला दिसलंय हे मला कळलं असतं, तर मी तोंड उघडलं नसतं गं."