आत माया किती?

काकू आम्हा तिघींना घेऊन कपड्यांच्या दुकानात शिरली की दुकानदाराच्या कपाळावर आठ्या पडायच्या. फ्रॉक हातात आला की ती आधी तो उलटा करायची. रंग, झालर गेली खड्ड्यात!

"ताई, सुलटी बाजू बघा की," तो वैतागायचा.

"ती लोक बघतील. मला आत माया किती आहे ते बघू दे."

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. आम्ही वाढलो की काकू शिवण उसवायची, ते कापड मोकळं करायची आणि तोच फ्रॉक पुन्हा अंगाला यायचा. मग तो धाकटीकडे जायचा, शेवटी उशीचा अभ्रा व्हायचा. लोक अंथरूण पाहून पाय पसरतात. काकू अंथरूणच वाढवायची.

परवा नातीसाठी फ्रॉक घेताना मीही तो नकळत उलटा केला.

"काय शोधताय, आजी?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

"माया."

ती खुदकन हसली. "ती काय दुकानात मिळते?"

खरंय बाई. आई गेल्यावर मी काकूकडे आले, तेव्हा तिच्या दोन लेकी होत्याच. तिनं घराचीही शिवण उसवली, आणि मी आत मावले.