डुलकेमामा आणि नवा चिन्नोर

भर बाजारात झोपा काढणारा दुकानदार मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. नवेगाव बांध या गावी आठवड्याचा बाजार भरायचा, तेव्हा तळ्याकडून वर येणाऱ्या वाटेवर, एका मोहाच्या झाडाखाली त्यांची सतरंजी पसरलेली असे. तिच्यावर आरसे, फण्या, सुया, काळे मणी, रिबिनी. आणि मधोमध मांडी घालून, हनुवटी छातीला टेकवून हे गृहस्थ खुशाल डुलत बसलेले. बाकीचे दुकानदार घसा फाटेस्तोवर ओरडत, आणि उन्हं कलायच्या आत यांची पेटी अर्धी रिकामी! खरं नाव मला कधी कळलं नाही. सारा बाजार त्यांना डुलकेमामा म्हणे.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या नाकावर राग बसलेला असे. त्यांच्या शेजारी मी तांदळाची टोपली घेऊन बसले ती काही हौसेनं नाही. आमचे हे जंगलात लाकूडतोडीला गेले होते, तिथं ओंडका घसरून मांडीवर आला. हाड जुळलं, पण वाकडं. नांगर धरणं संपलं. भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, म्हणाले, वेगळी चूल मोडा आणि आमच्यात या. माणूस वाईट नव्हता हो. पण त्या घरी जाणं म्हणजे यांनी ओसरीच्या कोपऱ्यात दिवस मोजायचे आणि मी जावेनं वाढलं तर जेवायचं. नुसत्या विचारानं माझा जीव गुदमरे. मी म्हटलं, आमच्या वाट्याच्या धानाच्या बांधीत चिन्नोर हा वासाचा तांदूळ पिकतो, तो मी बाजारात बसून विकीन. भासरे हसले. आमच्यात भासरा लहान भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही, तेव्हा ते यांच्याकडे पाहून म्हणाले, "होळीपावतर पाहतो. होळीच्या बजारी बंडी घेऊन येतो. नाही जमलं तं सामान भराचं अन् चालाचं. मंग काही बोलाचं नाही."

पहिल्या बाजारी मी ओरड ओरड ओरडले. "चिन्नोर घ्या, चिन्नोर!" एक कुत्रं तेवढं थांबलं. दुपारी घसा बसला आणि डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा शेजारून, मिटल्या डोळ्यांनीच मामा बोलले, "काऊन ओरडून राहिली, बाई?"

"तांदूळ इकाचा हाय म्हणून!" मी खेकसले.

"बजारात समदेच ओरडतेत. त्यातलं कोनाचं कोनाले ऐकू येते? चिन्नोरले तोंड कायले पाहिजे, त्याले वास हाय. पुढच्या बजारी गंज घेऊन ये, अन् इथं भात शिजव."

मला वाटलं, म्हातारा झोपेत बरळतोय. बाजारात चूल मांडली तर जाऊ म्हणेल, घरात खायला नाही म्हणून हिनं चव्हाट्यावर रांधायला घेतलं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. पुढच्या बाजारी तीन दगड मांडले, मूठभर तांदूळ गंजात टाकले. पाण्याला आधण आलं, वाफ निघाली, आणि तळ्यावरचा वारा ती वाफ घेऊन बाजारभर हिंडला. मासळी विकून निघालेल्या बाया नाक वर करून थबकल्या. एकीनं विचारलं, "कोनाकडं लगन हाय व?" मामांनी सांगितल्याप्रमाणे मी पळसाच्या पानावर चिमूटभर भात तिच्या हातावर ठेवला. तिनं खाल्ला, पदर पुढं केला आणि म्हणाली, "एक पायली घाल." त्या दिवशी मी घरी येऊन यांच्यासमोर चक्क नाचले.

मग त्यांच्या एकेक खोडी माझ्या ध्यानात येऊ लागल्या. बाजाराच्या तोंडाशी मोक्याची जागा मिळत असताना ते या आडवाटेला का बसतात, मला कोडं होतं. एकदा विचारलं तर म्हणाले, "ह्या चढावर बाया डोक्यावरचं ओझं उतरवतेत. ओझं असलेला माणूस काही घेत नाही, बाई. उतरवलं का मंग इकडंतिकडं पाहते." मी पाहिलं तर खरंच! प्रत्येक जण मोहाच्या सावलीत टोपलं टेकवी, मान चोळी, आणि नजर जाई ती मामांच्या सतरंजीवर. माझी टोपली मी शीग लावून भरत असे, तीही त्यांना खपेना. "भरलेलं टोपलं पाहून माणूस भिते. त्याले वाटते, कोनीच घेतलं नाही वाटते. थोडं खाली कर." मी दोन ओंजळी पिशवीत लपवल्या. लोक येऊ लागले. मला हसू आवरेना.

त्यांचे आरसे मात्र मला अजून दिसतात. दुपारी जरा डोळा लागला की तेच दिसतात. फांदीला टांगलेले, पण उंच नाही, बसलेल्या बाईच्या तोंडासमोर येतील इतके खाली आणि जरासे तळ्याकडे कललेले. हिवाळ्यात परदेशी बदकं उतरत, आणि त्या हातभर आरशांत पाणी चमके, त्यावर बदकांच्या रांगा सरकत, मध्येच सारसाची जोडी संथ पावलं टाकत जाई. बाई वाकून पाही तर त्या सगळ्याच्या मधोमध तिचं स्वतःचं तोंड! घरी पितळेच्या ताटात चेहरा पाहणाऱ्या बाया त्या. कितीतरी वेळ हलत नसत. मामा डुलत राहत, घाई म्हणून करत नसत. मी एकदा डिवचलं, "मामा, गिऱ्हाईक उभं हाय, झोपता काय?" तर म्हणाले, "तिले पाहू दे. रोज कुठं भेटते ती तिले?"

घ्यायला हात पुढं आला की मात्र ते डोळे न उघडता म्हणत, "खालच्या कोपऱ्यात डाग हाय त्याच्या, पाहून घे." मला चीड येई. दिसत नव्हता तो डाग कुणाला, सांगायची हौस कशाला? मी त्यांना वेडं ठरवून टाकलं होतं. तेवढ्या एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही, आणि तिथंच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली.

माघात तळ्यापलीकडच्या गावच्या पाटलीणबाईंनी लेकीच्या लग्नासाठी माझ्याकडून पोतंभर चिन्नोर मागवला. माझे पाय जमिनीवर राहिनात. आता आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की नवा तांदूळ पाणी कमी मागतो. जुन्याच्या अंदाजानं पाणी घातलं तर त्याचा चिखल होतो. पंगतीला म्हणून लोक जुनाच तांदूळ घेतात. माझा तांदूळ दोन-अडीच महिन्यांचा. पाटलीणबाईंनी विचारलं नाही, आणि 'नवा' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत येऊन परत गेला. सांगितलं आणि त्यांनी नको म्हटलं तर? आचाऱ्याला कळेलच, असं मी मनाला समजावलं. आचाऱ्याला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं नेहमीसारखं पाणी ओतलं, आणि सगळ्या वऱ्हाडाच्या पानांत गोळा पडला.

पुढच्या बाजारी माझ्या चुलीवर भात शिजत होता, वासही सुटला होता, पण बाया नाकाला पदर लावून पुढं जात होत्या. एक टवळी तर थांबून म्हणाली, "भिंतीले कागद चिकटवाचे हायेत, तुहा तांदूळ दे ना व!" सगळ्या खिदळल्या. होळीला तीन बाजार उरले होते. मी सारा राग मामांवर काढला. "तुमच्याच नादानं झालं हे! भात शिजव म्हणे! आता घाला माझी चूल पाण्यात!"

त्यांनी शांतपणे विचारलं, "नवा हाय म्हणून सांगितलं होतं का?"

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"काऊन नाही सांगितलं?"

"घेतला नसता त्यांनी."

त्या दिवशी मामांनी डोळे उघडले. घारे होते. इतक्या दिवसांत मला माहीत नव्हतं. म्हणाले, "उद्या सकारी डोंग्यावर ये. त्याच अंगणात जाऊन भात शिजवू."

"मारतील मले!"

"मारतील तं मारतील. पाहतील बी."

सकाळी तळ्यावर इतकं धुकं होतं की डोंगा हाकणारा ढिवर आम्हाला दिसत नव्हता, त्याच्या वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं काही कळेना. आपण कुठंच जात नाही आहोत, असंच कायम तरंगत राहावं आणि ते गाव कधी येऊच नये, असं मला वाटत होतं. मामा टक्क जागे होते. मध्येच सांगू लागले, "जवान होतो तवा एका बाईले आरसा इकला. मागचा मुलामा सुटून राहिला होता, मले दिसला होता. सांगितलं नाही. मंग सालभर ती बजारात येये, अन् माह्या दुकानावरून दुरून जाये. भांडली असती तं बरं वाटलं असतं. ती दुरूनच जाये."

पाटलीणबाईंनी मला पाहिलं आणि उरलेलं अर्धं पोतं ओढत आणून अंगणात आपटलं. "हा घे तुहा तांदूळ!" मी त्याच पोत्यातला तांदूळ घेतला, चूल मांडली. शेजारीपाजारी जमले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तांदूळ नवा होता. मले मालूम होतं. तुम्ही घेणार नाही म्हणून मी सांगितलं नाही. आचाऱ्याचा दोष नाही." पाणी बेतानं घातलं. झाकण काढलं तेव्हा दाणा दाणा वेगळा, आणि वास असा की पोरं पुढं सरकली. पाटलीणबाईंनी दोन बोटांनी भात उचलला, तोंडात घातला, आणि एकदम त्यांचे डोळे भरले. "हा भात माह्या पोरीच्या लग्नात पाहिजे होता," एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मला सोसलं असतं.

दाराआड नवी नवरी उभी होती, माहेरपणाला आलेली. हळदीचे हात अजून पिवळे. ती हळूच म्हणाली, "बाई, हे माह्या सासूले सांगान का? ते रोज म्हणतेत, तुह्या बापानं पंगतीत भात नाही, खळ वाढली."

मी मामांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. "मी नाही येत आता. मी संग असलो तं म्हणतील, म्हाताऱ्यानं सिकवलेलं बोलून राहिली. तू एकटी जा."

गेले. चार कोस पायी गेले, डोक्यावर तांदूळ आणि गंज. त्या अंगणातही चूल मांडली, तेच बोलले, तसाच भात शिजवला. सासू कडक होती. तिनं माझी अर्धा तास बिनपाण्यानं केली, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं, माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. मग तिनं भात खाल्ला, आत वळून सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "पाणी किती घालाचं ते हिच्यापाशी सिकून घे." पोरगी माझ्याशेजारी येऊन बसली, आणि माझ्या छातीवरचा धोंडा हलला.

होळीच्या बाजारी भासरे बंडी घेऊन आले. मोहाखाली बैल उभे केले आणि थांबले. माझ्यासमोर एक परगावची बाई पदर पसरून होती. मी म्हटलं, "बाई, तांदूळ नवा हाय. पाणी कमी घालजो, नाही तं चिकटते." भासरे बैलांकडे पाहून म्हणाले, "असं सांगितल्यावर कोन घेते का?" त्या बाईनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "पाटलीणबाईनं हिचंच नाव सांगितलं मले. दोन पायल्या घाल." तिच्यामागं आणखी दोघी उभ्या होत्या. भासऱ्यांनी थोडा वेळ पाहिलं, बैल वळवले आणि रिकामी बंडी घेऊन गेले.

मी उजवीकडे वळले. "मामा, पाहिलं का?" तोंडातून निघूनही गेलं. सतरंजी नव्हती. मामा आदल्याच आठवड्यात लेकीकडे, छत्तीसगडच्या बाजूला गेले होते. हे मला माहीत होतं, मीच त्यांना वाटेसाठी शिदोरी बांधून दिली होती. वैशाखात निरोप आला की ते तिकडंच वारले. झोपेत गेले म्हणे.

ती बंडी रिकामी गेली, हे मला त्यांना सांगायचं होतं. अजून सांगायचंच आहे.