गोठ्यावरचं चित्र

पत्र्यावरच का रंगवता, असं प्रदर्शनात मला प्रत्येक जण विचारतो. त्यांना काहीतरी खोल ऐकायचं असतं. मी सांगते, मुळशीत कागदाला बुरशी येते म्हणून. त्यांचं तोंड पडतं आणि मला बरं वाटतं.

माझे वडील पुण्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पत्रा आणि ऑइलपेंट हे माझं माहेरच. एकोणीसशे साठच्या सुमारास मला मुळशीतल्या एका शेतकरी घरात दिलं. जमीन भरपूर, माणसं कोरडी. पहिल्याच पावसाळ्यात माझे सगळे कागद कुजले, तेव्हा सासरे म्हणाले, "बरं झालं, घरातला पसारा गेला." या माणसाशी माझं कधी जमलं नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हाही मला रडू आलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

मोडक्या टाकीचा एक मोठा सपाट पत्रा मी घासून घेतला. दुपारी घर झोपलं की त्यावर भातलावणीतल्या बायका रंगवायची. सगळ्या वाकलेल्या, सगळ्या पाठमोऱ्या. सासऱ्यांनी एकदा पाहिलं आणि अंगणभर ऐकू जाईल असं म्हणाले, "बायांची ढुंगनं रंगिवत्या आमची सून!" नवरा हसला. ते हसणं मी विसरलेले नाही.

त्या उन्हाळ्यात वडील भेटायला आले आणि निरोप देऊन गेले. पुण्यातल्या एका प्रदर्शनाचे लोक चित्रं निवडणार होते, रविवारी आणलं तर माझंही बघणार होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं चित्र बघायला मागितलं होतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो बरं म्हणाला.

शनिवारी मी नदीवरून धुणं घेऊन आले तर माळ्यावर ठेवलेला माझा पत्रा गायब. बाहेर शाकारणी चालली होती. पावसाआधी छपरं नीट करायचीच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गोठ्याच्या आढ्यावर माझ्या बायका उन्हात ठोकलेल्या होत्या, आभाळाकडे पाठ करून. खाली चुलीवर डांबर तापत होतं. सासरे खुशीत होते.

"रंगाची बाजू वर ठिवलीया," ते मला म्हणाले. "गंजायचा न्हाई. वरनं डांबराचा हात दिला की काय बघायला नको. तुजा रंग कामाला आला बग."

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझं कौतुक केलं. मला त्याचाच जास्त संताप आला. माळ्यावरून पत्रा कुणी काढून दिला, असं विचारलं तर नवरा दुसरीकडे बघायला लागला.

मी ओचा खोचला, कोयता घेतला आणि शिडीवर चढले. कोयत्याच्या टोकाने खिळे उचकटायला लागले. सासू ओरडली, "अगं, लोक बगत्यात!" सासरे नवऱ्याला म्हणाले, "शिडी काढ. बसू दे वरच." आणि त्याने शिडी काढली. मुकाट्याने उचलून भिंतीला लावून ठेवली.

शेवटचा खिळा निघाल्यावर मी पत्रा गवताच्या गंजीवर सोडला आणि मागोमाग उडी मारली. गंजी हुकली, घोटा मोडला. कुणी जवळ आलं नाही. मी पत्रा टेकत टेकत एस.टी.च्या फाट्यापर्यंत गेले.

गाडी आली तेव्हा नवरा धापा टाकत पोचला. "कवा येनार परत?" त्याने विचारलं. लोकांसमोर मी त्याला नेहमी अहो-जाहो करत आले होते.

"तू घरी जा," मी म्हणाले आणि पत्रा आधी आत सरकवला.