काडीमोडीनंतरचे दिवस

माझ्या दादाची आणि वहिनीची काडीमोड झाली तेव्हा त्यांची मुलगी सहा वर्षांची होती. दोघांचे पटत नव्हते, एवढेच. मारहाण नव्हती, व्यसन नव्हते. वहिनी धामापूरला माहेरी जाऊन राही, परत येई, पुन्हा जाई. शेवटी आमच्या दारापुढच्या खळ्यात पंच बसले. रिवाजाप्रमाणे त्यांनी एक सुकी काडी दोघांच्या हातांत दिली. दोघांनी ती मोडली आणि संसार संपला. मुलीने बापाकडे राहायचे असे ठरले. वहिनी रडली नाही. पदर खोचून खळे ओलांडून गेली.

मुलगी त्या वेळी कुठे आहे हे कोणी पाहिले नाही. ती दाराच्या आड उभी होती.

मी लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन माहेरी आले होते. चूल माझ्याकडे होती आणि आता मुलगीही. आईने घरात सांगून ठेवले होते की वहिनीचे नाव काढायचे नाही. नाव काढले नाही की पोर विसरेल. मुलगी खरेच नाव काढीत नसे, पण जेवत नसे. पेज पुढे ठेवली की बोट बुडवून बसे. मी चुलीत घालायला काटक्या मोडू लागले की उठून घरामागच्या परड्यात पळे. मला वाटे, धुराने डोळे चुरचुरत असतील.

एकदा अशीच पळाली तेव्हा मी मागे गेले. ती माडाच्या बुंध्याशी पाठ लावून बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली,

“गो आते, माजी काडी कधी मोडतले?”

तुझी काडी नाही गं, असे मी सांगितले. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. काडी ज्यांनी मोडली त्यांनीच हे सांगायला हवे होते.

मला चार माणसांत बोलता येत नाही. दादाशीसुद्धा मी पान वाढता वाढता दोन शब्द बोलणार. त्या दिवशी तो आंघोळ करून आला तेव्हा ओटीवर उभी राहिले.

“दादा, चेडू जेवणा नाय. ताका वाटता, आपल्याक पण सोडतले.”

तुम्ही दोघांनी मिळून तिला सांगा, एवढे मी कसेबसे म्हटले. दादाने पंचा झटकला. झाले ते झाले, पुन्हा त्या बाईचे तोंड बघायचे नाही, म्हणाला. आतून आईने ऐकले होते. “चवथी शिकलंस म्हणान बॅरिस्टर झालंस काय गो?” ती म्हणाली. मी आत गेले.

त्याच आठवड्यात दादा विडी पेटवायला चुलीपाशी आला. त्याने सहज एक काटकी मोडून निखाऱ्यात धरली. मुलगी समोरच बसली होती. ती दोन्ही हात कानांवर ठेवून भिंतीकडे सरकत गेली, बापाकडे बघत. दादाची विडी तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, पोरीच्या आईला निरोप धाड, एकदा भेटू. वहिनीचा भाऊ सोमवारी मालवणच्या बाजारात भाजी घेऊन बसे. मी मान खाली घालून त्याला निरोप सांगितला. पुढच्या बाजाराला त्याने भेटीचा दिवस सांगितला.

ठरल्या दिवशी आम्ही तिघे धामापूरला गेलो. तळ्याकाठच्या पायऱ्यांवर वहिनी आधीच येऊन बसली होती. दादा बराच वर, वेगळ्या पायरीवर बसला. मुलगी मध्ये उभी. ती आईकडे धावली नाही, आधी बापाचे तोंड पाहिले. ते बघून वहिनीने ओठ आवळले. मग तिने मुलीला जवळ ओढले आणि म्हणाली, “तुजी काडी कोणाक मोडूक येवची नाय.”

मुलगी पुन्हा बापाकडे वळली. दादा पाण्याकडे बघत होता. तो उठून जातो की काय, असे मला वाटले. वहिनीही त्याच्याकडे बघू लागली, काडीमोडीनंतर पहिल्यांदाच.

“काडी घोव-बायलेची असता,” तो म्हणाला. “पोरांची नसता.” मग वहिनीकडे न बघता, मुलीलाच म्हणाला, “आज आवशीवांगडा जा. सोमवारी मामा तुका बाजारात हाडतलो. थंय मी उबो रवतंय.”

घरी आल्यावर आईने विचारले, पोर कुठे. दादाने सांगितले, तिच्या आईबरोबर पाठवली, सोमवारी मामा बाजारात आणील. आई त्याच्याकडून माझ्याकडे वळली. मला म्हणाली, आता ती येत नाही, बघ. ते लोक कशाला देतील परत? सोमवारपर्यंत मलाही तसेच वाटत होते. दादा सकाळीच बाजाराला निघून गेला. दुपारची जेवणे झाली तरी त्याचा पत्ता नव्हता. आई ओटीवर सुपारी कातरत बसली होती, मी आतबाहेर करीत होते.

दोघे आले ते ऊन कलल्यावर. मामाला उशीर झाला होता आणि दादा तसाच उपाशी उभा राहिला होता. मुलीने पानावर बसताच मासे मागितले. आपल्या आईकडे धामापूरला बांगड्याचे तिखले किती झणझणीत करतात, हे ती जेवता जेवता मोठ्याने सांगत होती. मी आईकडे पाहिले. आईने तिच्या पानात आणखी भात वाढला.